थेंबातली सोबत

प्रयोगशाळेत त्यांना सगळे थर्मासमामा म्हणत. ते नाव त्यांना आवडतं की नाही, हे कुणी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. नाव पडायचं कारण सरळ होतं. रोज सकाळी कत्तलखान्यात जायचं, तिथे कापलेल्या गाईंची अंडाशयं मागून घ्यायची, कोमट मिठाच्या पाण्याने भरलेल्या रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये टाकायची आणि ती निवायच्या आत स्कूटरवरून प्रयोगशाळेत आणायची, हे त्यांचं काम. थंडीत ते थर्मास कोटाच्या आत, पोटाशी धरून गाडी चालवत. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माणूस लेकरू घेऊन दवाखान्यात निघालाय.

एकदा चौकातल्या पोलिसाने त्यांना अडवलं. "मामा, रोज बघतो, एवढा मोठा थर्मास घेऊन जाता. आज आम्हालाही पाजा की एखादा कप."

"चहा नाही हो. गाईची अंडाशयं आहेत," मामा खालच्या आवाजात म्हणाले आणि झाकण उघडायला लागले.

त्यानंतर त्या पोलिसाने त्यांना कधी अडवलं नाही. उलट ते दिसले की हात करून वाट मोकळी करून द्यायचा.

थर्मास प्रयोगशाळेत पोचला की दुसरं काम सुरू. अंडाशयावर पाण्याच्या फोडांसारखे बारीक फुगवटे असतात. त्यांत सुई घालून आतलं पाणी ओढायचं, की त्या पाण्याबरोबर बीजं येतात. ती एक दिवस पिकू द्यायची, दुसऱ्या दिवशी त्यांना बैलाचं वीर्य दाखवायचं आणि मग जी फळली असतील ती काचेच्या छोट्या ताटलीत, तेलाच्या थराखाली, पोषणाच्या एकेका थेंबात ठेवून कपाटात ठेवायची. कपाट म्हणजे गाईच्या अंगाइतकी ऊब धरणारं यंत्र. आठवडाभरात त्यांचे गर्भ होतात, डोळ्यांना दिसतील न दिसतील असे. कागदावर त्यांना भ्रूण म्हणत असतील, मामा त्यांना दाणे म्हणायचे. हळूहळू सगळेच दाणे म्हणायला लागले.

दाण्यांना वास चालत नाही. अत्तर, वासाचं तेल, पावडर, नुकता दिलेला रंग, काहीही हवेत मिसळलं की ते रुसतात. त्यामुळे मामांच्या घरातही वासाची बाटली नव्हती. मामी पाहुण्यांसमोर म्हणायच्या, "बाकीच्या बायकांना सवती असतात त्या निदान दिसतात तरी. माझ्या सवतीला बघायला दुर्बीण लागते." मामा त्यावर हसायचे आणि कपात बघायचे.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम होत्या. त्यांच्या डोक्यात कितीतरी वर्षं एकच प्रश्न घोळत होता. गाईच्या पोटात गर्भाला कशाची कमी नसते. गर्भाशयाच्या अस्तरातून बारीक बारीक प्रथिनं झिरपत असतात आणि त्यांतली काही पेशींना सांगत असतात, आता वाढा, आता एकाच्या दोन व्हा. त्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. ताटलीत आई नसते. पण दाणे स्वतःही असलं द्रव्य थोडं थोडं सोडतात, म्हणून वीस-पंचवीस जण एका थेंबात ठेवले की एकमेकांच्या जिवावर तग धरतात. एकट्याला ठेवलं की तो बहुतेकदा मध्येच थांबतो. मग एकट्याला बाहेरून ग्रोथ फॅक्टर दिला, तर सोबतीची कसर भरून निघेल का? मॅडमना हेच शोधायचं होतं.

उत्तर काही हाती लागत नव्हतं. कधी औषधाच्या थेंबातले एकटे दाणे असे तरारून यायचे की मॅडम सगळ्यांना बोलावून दाखवायच्या. पुढच्या खेपेला तेवढंच औषध देऊनही ढिम्म. जास्त दिलं तर सुरुवातीला घाई करायचे आणि पोटात पाणी धरून फुगायची, म्हणजे गर्भ नीट वाढल्याची खूण दाखवायची, वेळ आली की बसकण मारायचे.

"मॅडम, हे पोरांना शिकवणी लावल्यासारखं आहे," मामा एकदा म्हणाले होते. "लावूनही काही नापास होतात."

"आणि न लावता काही पास होतात," मॅडम म्हणाल्या. "तीच तर पंचाईत आहे."

आठवड्याच्या शेवटी, पाणी धरून फुगलेल्या दाण्यांना रंग द्यायचा आणि आत पेशी किती झाल्या ते मोजायचं. रंग दिला की दाणा संपला. इतक्या वर्षांत त्या प्रयोगशाळेतला एकही दाणा गाईच्या पोटात गेला नव्हता. कत्तलखान्यातल्या गाई कुठल्या, कोणत्या दुखण्याच्या, कुणाला माहीत? त्यांचे दाणे जिवंत गाईत सोडायचे नाहीत, असा नियमच होता. पण जी गोष्ट कधी घडतच नाही तिचा नियम कोण लक्षात ठेवतो?

मामांची थोरली बहीण गावाबाहेर राहायची. ताईकडे चार गाई होत्या. त्यांतल्या सगळ्यात म्हाताऱ्या गाईला घरात मास्तरीण म्हणत, कारण गोठ्यात शिरणाऱ्याकडे ती अशी बघायची की माणसाला वाटावं, आपला गृहपाठ राहिलाय. तिची आई तिला जन्म देतानाच गेली होती. ताईने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं, सुरुवातीचे दिवस तर स्वयंपाकघरात पोत्यावर झोपवलं. मोठी झाल्यावरही ती दार उघडं दिसलं की सरळ स्वयंपाकघरात डोकं घालायची. वेतामागून वेतं झाली, पण मास्तरणीला दरवेळी गोऱ्हाच. कालवड एकदाही झाली नाही.

"हिने मुलांचीच शाळा काढलीय," दाजी म्हणायचे.

"होईल. पुढच्या खेपेला होईल," ताई म्हणायची.

पुढची खेप आलीच नाही. गोठ्यातल्या ओल्या सिमेंटवर मास्तरणीचा पाय सरकला, मागचं हाड मोडलं आणि ती उठेना. जनावरांचे डॉक्टर येऊन बघून गेले आणि जाताना म्हणाले, हाल करू नका.

त्या दुपारी ताईचा फोन आला. मामांचे केस पिकले होते, पण ताईच्या लेखी ते अजून छोट्याच होते.

"छोट्या, तुमच्याकडे काचेत वासरं करतात ना?"

"वासरं नाही ताई. त्याच्या फार अलीकडचं."

"अलीकडचं म्हणजे किती?"

"डोळ्यांनी दिसत नाही इतकं."

"नाही दिसलं तरी चालेल. तिचं एक कर."

मामांनी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण ताईला नाही म्हणायची सवय त्यांच्या जिभेला नव्हती. ते मॅडमकडे गेले आणि दारातच उभे राहिले. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"गाईचं रक्त आधी तपासून घ्या," त्या म्हणाल्या. "स्वच्छ असेल तर तिचे दाणे वेगळ्या ताटलीत वाढवू. एखादा धरला तर डॉक्टर तुमच्या बहिणीच्याच दुसऱ्या गाईत सोडतील. मी वरून परवानगी आणते. पण मामा, म्हातारी गाय आहे. बहिणीला आशा लावू नका."

"नाही लावत."

त्यांनी खरंच लावली नाही. फोनवर तीनतीनदा सांगितलं की होईलच असं नाही. ताई "हो हो" म्हणाली आणि त्याच दिवशी तिने गोठा घासून काढला. रक्त स्वच्छ निघालं. डॉक्टरांनी धाकट्या गाईला इंजेक्शनं सुरू केली, म्हणजे वेळ येईल तेव्हा तिचं गर्भाशय तयार असावं. दाजींनी त्या ओल्या सिमेंटवर खरखरीत चटया अंथरल्या. सगळ्यांनी आपापलं काम करून ठेवलं आणि मग सगळे मामांकडे बघायला लागले.

मास्तरणीला कत्तलखान्यात नेलं तेव्हा मामा थर्मास घेऊन हजर होते. एवढी वर्षं ते अंडाशयं आणत होते, पण थर्मासमधल्या वस्तूचा चेहरा त्यांना माहीत असण्याची ही पहिलीच वेळ. चौकात पोलिसाने नेहमीसारखा हात केला. मामांना उलट हात करायचं सुचलं नाही.

अंडाशयं लहान, सुकलेली होती. सुई घालून घालून मामांनी जेवढी मिळाली तेवढी बीजं काढली, ती अकरा निघाली. त्यांतली निम्मी बघूनच कळत होतं की कामाची नाहीत. वीर्य दाखवल्यानंतर पाच दुभंगली, म्हणजे एकाच्या दोन पेशी झाल्या. पाच.

"पाच जणांची सोबत ही काही सोबत नव्हे," मॅडम म्हणाल्या. "आणि एक सडला तर बाकीच्यांनाही घेऊन जाईल. पाच वेगवेगळे थेंब करा, ग्रोथ फॅक्टर घाला. आपला एवढ्या दिवसांचा उद्योग कुणाच्या तरी कामाला येऊ दे."

मग मॅडम दुसऱ्या शहरात बैठकीला गेल्या.

तिसऱ्या दिवशी मामांनी ताटली सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पाचांतले दोन थांबले होते. त्यांच्या कडा काळवंडल्या होत्या, आतलं सगळं दाणेदार, मेलेलं. उरलेले तीन जिवंत होते, पण मागे पडलेले. बाजूच्या ताटलीत कत्तलखान्याच्या गाईंचे दाणे होते. एका थेंबात वीसेक जण दाटीवाटीने, आणि काय त्यांचा उत्साह! नाव नाही, गाव नाही, कुणी वाट बघत नाही, आणि भराभर वाढत होते. मामांनी या ताटलीतून त्या ताटलीत आणि त्या ताटलीतून या ताटलीत कितीदा बघितलं याला हिशेब नाही.

ताईचा फोन आला. "काय म्हणतात आमचे?"

"तीन आहेत."

"पाच होते ना?"

"होते."

"छोट्या, एकेकटे ठेवलेत म्हणालास ना तू? मास्तरीण स्वयंपाकघरात असायची तेव्हा रात्रभर ओरडायची. मी जाऊन शेजारी निजले की गप्प." मग तिलाच वाटलं असावं की आपण भलतंच बोललो. "तुला कळतं ते. मला काय कळतंय त्यातलं."

मॅडमना फोन करता आला असता. पण विचारलं तर त्या नाही म्हणतील हे मामांना माहीत होतं, म्हणूनच त्यांनी विचारलं नाही. काचेची बारीक नळी घेऊन त्यांनी ते तीन दाणे एकेक करून उचलले आणि त्या गजबजलेल्या थेंबात सोडले, अगदी कडेला. ओळख राहावी म्हणून ताटलीच्या पाठीवर सुईने एक बारीक ओरखडा काढला, आणि बरोबर त्या ओरखड्याच्या वर तिघांना ओळीने बसवलं. नवीन पाहुणे दाराजवळ बसतात तसे ते बसले. मामांनी ताटली पाण्याने काठोकाठ भरलेल्या भांड्यासारखी दोन्ही हातांनी नेऊन कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिघेही जागच्या जागी होते, आणि वाढले होते. मामांनी पुन्हा पुन्हा बघितलं. खरंच वाढले होते. त्या दिवशी घरी गेल्यावर ते मामींशी स्वतःहून बोलले, भाजी चांगली झालीय म्हणाले. मामींनी काळजीने विचारलं, बरं वाटत नाहीये का?

पाचव्या दिवशी थेंबातलं जुनं पोषण काढून ताजं घालायचं असतं. दाण्यांनी खाऊन खाऊन ते नासवलेलं असतं. हे काम मामांनी इतक्या वेळा केलं होतं की त्याला डोकं लागत नसे. सकाळपासून ताटल्यांची रांग होती. एक उघड, अर्धं काढ, अर्धं घाल, झाक, पुढची घे. नळीतून ताजा प्रवाह थेंबात शिरला की आतले दाणे वाऱ्यात पाचोळा उडावा तसे गरागरा फिरतात आणि मिळेल तिथे खाली बसतात. नेहमी त्याचं काही बिघडत नाही. सगळे कुणाचेच नसतात.

झाकण लावताना मामांना बोटाखाली ओरखडा लागला.

त्यांनी ताटली तशीच काचेखाली धरली. ओरखड्याच्या वर एक दाणा होता. तो नेमका कोण, ते कळायला मार्ग नव्हता. बाकीचे वीस-बावीस इकडेतिकडे पांगले होते. तिघे मागे पडलेले, हीच खूण होती; पण आता तेही बाकीच्यांच्या बरोबरीला आले होते. सोबत मिळावी म्हणून त्यांना इथे आणलं होतं, आणि सोबतीने आपलं काम चोख केलं होतं. मामा स्टुलावर बसले. हात मांडीवर ठेवले. त्या हातांना दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

मॅडम परत आल्या तेव्हा त्या थेंबात सात दाणे पाणी धरून टचटचीत फुगले होते. बाकीचे वाटेत राहिले होते. मॅडमनी आधी मास्तरणीची ताटली मागितली.

"मामा, हे दोन मेलेले दिसतायत. बाकीचे कुठे आहेत?"

मामांनी सांगितलं. सगळं सांगितलं, फोनसुद्धा न गाळता. मॅडम त्या दोन मेलेल्यांकडेच बघत ऐकत होत्या. ओरडल्या असत्या तर मामांना बरं वाटलं असतं.

"या सातांत तिचे किती?" त्यांनी शेवटी विचारलं.

"कळत नाही. तीन असतील. एकही नसेल."

"एकेकाच्या दोन-चार पेशी काढून तपासणारी यंत्रं आहेत म्हणा जगात. आपल्याकडे नाहीत." मॅडमनी चष्मा काढला. "पण कळून तरी काय, मामा? ते कत्तलखान्याच्या दाण्यांच्या पाण्यात राहिलेत. त्यांच्या आया कोण, त्यांना काय होतं, देव जाणे. तुमच्या बहिणीच्या गोठ्यात अजून तीन गाई आहेत. मी हे कसं देऊ?"

तेव्हा मामांना तो नियम आठवला. शब्दन् शब्द पाठ होता. ज्या दिवशी तो लागायचा, नेमक्या त्याच दिवशी तो आठवला नव्हता.

"तिथेच एकटे ठेवले असते, तर वाढले असते का?" त्यांनी विचारलं.

मॅडमनी चष्मा पुन्हा लावला. "माहीत नाही," त्या म्हणाल्या. "खरंच माहीत नाही हो. तेवढंच तर शोधतेय."

ताई दुपारच्या बसने आली. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर येणार होते, त्याआधी एकदा डोळ्यांनी बघून जाते, म्हणाली. मामांनी फोनवर जे आतापर्यंत सांगितलं नव्हतं ते तिला बोळातल्या बाकावर बसून सांगायचं ठरवलं होतं. पण ती बाकावर बसेचना. साधं धुतलेलं लुगडं नेसून, केसांना तेलाचं बोटही न लावता आली होती. त्यांना वास चालत नाही ना, म्हणाली. शेवटी मॅडमनीच तिला आत नेलं आणि सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं.

ताईला आधी आपल्याच पापण्या दिसल्या. मग डोळा बसला.

"फुगलेत की," ती म्हणाली.

"हो. पाणी धरलंय," मामा म्हणाले.

"किती आहेत हे? सात? आपले तीनच होते ना?"

ताईने काचेवरून डोळा काढला आणि भावाकडे बघितलं. लहानपणापासून तिने त्यांचा चेहरा वाचला होता, आत्ताही वाचला.

"काय केलंस?"

मामांनी सांगितलं. मॅडमना सांगताना वाक्यं पूर्ण झाली होती, इथे होईनात. जिथे ते अडले तिथे मॅडमनी पुढचं सांगितलं, शेवटी नियमाचंही त्यांनीच सांगितलं. ताईने पुन्हा काचेला डोळा लावला.

"यातलं तिचं एक तरी असेल?"

"असेल. नसेलही."

"म्हणजे झालंय."

"झालंय बहुतेक."

"आणि देता येत नाही."

"नाही."

"मग मी घरी काय सांगू? झालं म्हणू, की नाही झालं म्हणू?"

ताई काचेतून बघत राहिली, एकेकावर डोळा ठरवत, मेळ्यात हरवलेलं पोर शोधावं तशी. मग स्वतःच उठली. "मी बाहेर बसते. तुमची कामं असतील."

काम होतंच. सातांना रंग द्यायची वेळ टळत चालली होती. मॅडम म्हणाल्या, "राहू दे मामा, मी करते." पण त्यांच्या हाताला कंप होता, नळी धरली की दाणे निसटत, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं. मामांनीच सातही दाणे उचलले, रंगात सोडले आणि अंधाऱ्या खोलीत नेले. रंग चढल्यावर पेशी निळ्या चमकल्या. ते एकेकीला मोजत गेले. आकडे मोठे होते. मॅडम मागे उभ्या राहून लिहून घेत होत्या, आणि दरवेळी आकडा ऐकला की "चांगला आहे" म्हणायच्या ते त्या दिवशी म्हणाल्या नाहीत.

ते बाहेर आले तेव्हा ताई बाकावर पर्स मांडीवर धरून बसली होती.

"झालं?"

"झालं."

दोघं बसथांब्याकडे निघाले. रस्त्यात ताईने त्यांना रागे भरावं म्हणून मामा वाट बघत होते. ती म्हणाली, "तू त्यांना एकटं ठेवलं असतंस तर मीच तुला बोलले असते." थोडं चालल्यावर म्हणाली, "आताही बोलेन. आज नाही." आणि मग पर्समधून फोन काढून त्यांच्या हातात दिला. "डॉक्टरांना तू सांग. सकाळी येतो म्हणालेत. मला नाही जमायचं."

मामांनी नंबर लावला. पलीकडून लगेच उचलला गेला, मागे कुणाची तरी गाय हंबरत होती.

"हां ताई, बोला," डॉक्टर म्हणाले.

"मी त्यांचा भाऊ बोलतोय."

"अरे वा, मामा तुम्ही! आत्ताच ताईंच्या गोठ्यातून आलो. गाय एकदम तयार आहे बघा, अशी मिळायची नाही. किती धरलेत?"

मामांनी ताईकडे बघितलं. ती बस कुठल्या बाजूने येते ते माहीत असूनही दुसऱ्याच बाजूला बघत होती.

"डॉक्टर," ते म्हणाले. पुढचं सुचेना, म्हणून पुन्हा म्हणाले, "डॉक्टर."